काठावरची हाक

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात, आर्वीकडच्या एका तलावाच्या काठी उभे राहून मी मोठ्याने ‘सोडला!’ अशी हाक दिली, तेव्हा मासा माझ्या पिशवीत होता. हे मी कुणालाही सांगितले नव्हते.

त्या गावाचा नियम साधा आहे. गळाला लागलेला मासा ओल्या पोत्यावर ठेवून डोळे भरून पाहायचा आणि परत पाण्यात सोडायचा. सोडताना पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी हाक द्यायची. पिशव्या कुणी तपासत नाही. सगळा भरवसा त्या हाकेवर.

नियम झाला तेव्हा काठावर चहा-भाकरीची टपरी चालवणारी बाई हसली होती. “मासा धराले नागपूरवरून यायचं अन् सोडून जायचं! शहरातले लोकं येडे झाले काय जी?” पुढे मासे वाढले, गळवाले मुक्कामाला येऊ लागले, आणि तिचा नवरा जाळे गुंडाळून पाहुण्यांसाठी डोंगा वल्हवू लागला. डोंगेवाल्यांच्या पाळ्या लागल्या. ज्याची पाळी, त्याच्या घरी त्या दिवसाची मजुरी.

मी मात्र नेहमी टपरीवाल्या बाईच्या नवऱ्याच्याच पाळीला जायचो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, हे मला त्याने शिकवले. माझे वडील गेले त्यानंतरच्या रविवारी त्याने काहीही न विचारता मला दिवसभर पाण्यावर फिरवले, आणि संध्याकाळी एवढेच म्हणाला, “येत जाजो, साहेब.” त्या दिवसाचे ऋण मी आजही बाळगून आहे.

अशा माणसाच्या पाळीला मी ते केले. तो चहा आणायला टपरीवर गेला होता. पाण्यावर मरळीच्या तांबड्या पिलांचा थवा खदखदत होता आणि त्यांची राखण करणारी मोठी मरळ माझ्या गळाला लागली. घरी मासे खाण्याची कुणाला फारशी हौस नव्हती. आमच्या पिपरी मेघेतल्या शेजाऱ्यांना ती दाखवायची होती, इतकेच. मी हाक दिली आणि पिशवीचे तोंड बांधले.

दोन दिवसांत राखणीवाचून ती पिले इतर माशांनी संपवली. गावाला कळले, मोठी मरळ कुणीतरी नेली. पाहुण्याची हाक तर सगळ्यांनी ऐकलेली. मग डोंगेवाल्यानेच मागाहून जाळे टाकले असणार, असे ठरले. हंगामभर त्याची पाळी बंद झाली. पुढच्या खेपेला डोंग्यावर दुसराच माणूस दिसला. विचारले, तर टपरीवरची बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “निंदाले गेले ते, दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं.” मी चहा प्यायलो. आणि त्या दुसऱ्या माणसाच्या डोंग्यात जाऊन बसलो.

पुढच्या हंगामात त्याला पाळी परत मिळाली. नाव मात्र धुऊन निघाले नाही. तरीही मला पाहताच तो पोते ओले करून ठेवी. त्याच्या त्या आपुलकीपुढे मी दरवेळी थोडा लहान होत गेलो, आणि तरीही जात राहिलो.

यंदाच्या श्रावणात काही नवे गळवाले आले होते. त्यांतल्या एकाने विचारले, “नुसत्या ओरडण्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवता?”

डोंगेवाला हसला. “काऊन नाई ठेवायचा? हे साहेब पाहा. इतक्या वर्षांचे आहेत आमचे. यांची हाक आली का समजाचं, मासा पाण्यात गेला.”

त्याला खरे ठाऊक होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी गळाची दांडी खाली ठेवली. टपरीवर बसलेली माणसे, ती बाई आणि पलीकडच्या काठावरचे दोघे, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून हाक देतात त्याच आवाजात बोललो. घरात आता फारशी न उरलेली बोली आपसूक तोंडात आली.

“ते मरळ मी सोडली नव्हती. घरी नेली होती. याच्यावर आळ आला तो माह्यामुळं, अन् मी चूप राह्यलो. चुकलो, भाऊ. वहिनी, तुमचाही मी गुन्हेगार आहो. मले माफ करा.”