मेंदूतलं टाकं

निकम सर गेल्याची बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. दीड दिवस आधीच मी ती मशीनच्या पडद्यावर पाहिली होती. सहा आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही. कामावर जाते, डबा खाते, पेशंटला "हलू नका" म्हणते... सगळं चालू आहे.

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं मशीन आलं, तेव्हा ते चालवायला सर होते आणि त्यांच्या हाताखाली मी, नुकती कोर्स करून आलेली. माणूस तुसडा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक फिल्म उजेडावर धरून विचारलं, "काय दिसतं?" मी रक्त, हाड, सूज असं घडाघडा सांगितलं. "ते आंधळ्यालाही दिसेल. टाकं बघ." मध्यमेंदूला वेढून पाण्याची एक चिंचोळी जागा असते. डॉक्टर तिला सिस्टर्न म्हणतात. सर मूळचे चांदवडचे, डोंगरावरची दगडात खोदलेली टाकी बघत वाढलेले, म्हणून त्यांच्यासाठी ते टाकं. फिल्मवर ते काळं दिसतं आणि मागच्या बाजूला त्याची रेघ हसऱ्या तोंडासारखी वळते. आत दाब वाढला की ती मिटत जाते. "हसतंय तोवर आशा आहे," सर म्हणायचे, स्वतः मात्र कधी न हसता.

पेशंटच्या माणसांशी यातलं अवाक्षर काढायची सोय नव्हती. एकदा हायवेवर अपघात झालेल्या जावयाला घेऊन एक म्हातारे बाबा आले होते. "साहेब, लय लागलंय का हो? वाचंल ना?" टाकं पार मिटलेलं. सर म्हणाले, "डॉक्टर सांगतील, बाबा. बसा तुम्ही." मी नंतर भांडले. धीराचे दोन शब्द बोलायला काय जात होतं? "तुझ्या शब्दावर ते घरी काय निरोप धाडतील, ठाऊक आहे?" एवढंच म्हणाले. मला ते दगड वाटले, खोटं कशाला बोलू...

मग या एप्रिलमधली ती सकाळ. सर घरी न्हाणीघरात कोसळले आणि त्यांना आमच्याच सेंटरवर आणलं. स्कॅन मी केला. डोक्यात रक्तच रक्त, आणि टाकं नव्हतंच. डॉक्टर अजून वाटेत होते. बाहेर आले तर सरांच्या पत्नी, काकू, समोर उभ्या. सरांच्या संसारात वीस वर्षं हाच विषय ऐकलेला, त्यांनी नेमकं तेच विचारलं, "टाकं दिसतंय का गं?"

"दिसतंय, काकू," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

डॉक्टरांनी पुढे स्पष्ट सांगितलं, पण काकूंनी ते मनावर घेतलं नाही. डॉक्टर घाबरवतातच, सेंटरवरची ती रोज बघते, तिला कळतं, असं त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. नागपूरला शिकणाऱ्या मुलीला, मृणालला, त्यांनी फोनवर बजावलं, की उद्याचा पेपर देऊनच निघ. ती पोचली तेव्हा सर गेलेले होते.

गेल्या रविवारी इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. मृणालने कपाटातून मोठं पाकीट काढलं, बाबांची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि म्हणाली, "ताई, आई म्हणते ते टाकं मला सापडत नाहीये." मी बोट ठेवलं. "इथं असायला हवं होतं. नव्हतंच. मी तुझ्या आईशी खोटं बोलले." माझा आवाज नेहमीसारखाच होता, याचीच मला लाज वाटली. ती मला काही बोलेल म्हणून थांबले. तिने फिल्म खाली घेतली नाही. काचेवर ती तशीच, सरांचं डोकं, कवटीची पांढरी कड, कोपऱ्यात मी टाईप केलेलं त्यांचं नाव...

"पेपर सोपा होता, ताई," ती म्हणाली. "लवकर झाला होता लिहून. मी शेवटची घंटा होईपर्यंत बसून दोनदा तपासला."