काहिलीत उभी राहिलेली महाराणी

पाण्यावर तरंगणाऱ्या काहिलीत उठून उभी राहिलेली दीडशहाणी मीच, आणि आज सुनेने पाकाला गूळ ठेवला तेव्हा त्या वासासरशी तो सगळा दिवस परत आला. निजामाच्या राज्यातला उन्हाळा होता, आणि दर वर्षीसारखी मी आमच्या कोरड्या डोंगरातून गोदाकाठी आजोळी गेले होते. तिथे गुळाचा हंगाम संपला की उसाचा रस आटवायच्या भल्यामोठ्या रिकाम्या काहिलीला कडेने वाळके भोपळे बांधायचे. मग नावाडी पोहत पोहत ती ढकलायचा आणि माणसं पैलतीराला न्यायचा. "मधी बसायचं, उठायचं न्हाई," एवढाच त्याचा कायदा. तो भाकर खायला गेला तशी मी धाकट्या मामेबहिणीला आत बसवून काहील डोहात लोटली. काठावर धुणं धुणाऱ्या पोरींनी बघावं म्हणून महाराणी उभ्या राहिल्या, आणि काहील कलंडली. बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. मी तो झटकला आणि भोपळा धरला. नावाड्याने बुडी मारून तिला वर काढलं, पालथी घालून पाणी ओकवलं, तेव्हा कुठे ती रडली. "मी आता जल्मात पाण्यात पाय ठेवणार न्हाई," मी म्हणाले. पुढे त्याच घाटावर नांदायला आले आणि हात थकेपर्यंत नाव चालवली, ती नावाड्याने मला तेव्हा जे सुनावलं त्यामुळे: "उद्या सकाळी घाटावर यायचं, भवाने. हात सोडायला कुणी शिकवावं लागत न्हाई, धरायला लागतंय."