शिवाच्या फोटोत काय आहे?

मंडळी, आज दिवसभर मी जळत होतो.

मला आणि आष्टा गावच्या माझ्या मित्राला, शिवाला, दिसत नाही. फोन आम्हाला स्क्रीन वाचून दाखवतो. एका सरकारी कचेरीनं आमच्यासारख्यांना वापरता यावी म्हणून वेबसाइट सुधारली, पण सल्ला द्यायला मला सोडून शिवालाच बोलावलं. आज त्या वेबसाइटवर त्याच्या सत्काराचा फोटो लागला.

चूक काढायचीच म्हणून मी पान न् पान ऐकलं. सगळं चोख. त्याच्या फोटोवर मात्र, त्यात काय दिसतंय ते कुणी लिहिलेलंच नसल्यानं, फोन नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढं गेला.

लगेच त्याला फोन लावला. “गड्या, तुझ्याच फोटोला वर्णन न्हाई.”

तो म्हणाला, “मलाबी तेवढंच ऐकू आलं. कसा दिसतोय रं मी?”

लिंक खाली आहे. कुणीतरी बघून लिहा, त्याला पाठवतो. फक्त लय देखणा लिहू नका.