दीपमाळेचं तेल
करडईच्या खवट तेलाचा वास आला, की अजून माझे कान गरम होतात. आम्ही सोलापूरहून कोकणातल्या एका बंदरावर निघालो होतो आणि दुधनीची माझी आत्या पहिल्यांदाच समुद्र बघणार होती. दीपगृह म्हणजे काय ग, असं तिनं विचारलं तेव्हा मी हसत म्हटलं, "समुद्राची दीपमाळच की ती." दीपगृहात दिवा आता विजेचा होता, पण वरच्या खोलीत जुना तेलाचा पितळी दिवा भोवती दोरी बांधून जपून ठेवला होता, नुकताच घासलेला, उन्हात झळकणारा. खिडकीतून खारा वारा येत होता. आम्ही फोटो काढण्यात गुंतलो असताना आत्यानं पिशवीतून बाटली काढली आणि त्या दिव्यात तेल ओतलं. ते खालून गळून फरशीवर पसरलं. "अहो आजी, काय करताय हे? कुणी सांगितलं तुम्हाला?" तिथला कर्मचारी ओरडला. सगळे वळून बघायला लागले. "मीच," एवढं मी म्हटलं खरं, पण मान वर करवेना. आत्या पदरानं फरशी पुसत होती. "चुकलं की बाबा. दीपमाळंला तेल घालत्यात न्हवं, म्हणून घरनं आणलं." परतल्यावर उरलेलं तेल मी देवापुढच्या समईत ओतायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "हितं नगं. त्ये त्या दिव्याचं हाय." आत्या आता नाही. बाटली मात्र जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अजून फळीवर आहे. आज पुसताना तिचं झाकण सैल झालेलं दिसलं. मी तोंड फिरवून ते घट्ट लावलं.