मागतीबाई

निर्वासितांच्या छावणीत मदतीला येणारं माणूस काहीतरी घेऊन येतं. कुणी घोंगड्या आणतं, कुणी जुनी लुगडी, कुणी नुसताच उपदेश. आमच्या बाई मात्र पहिल्या दिवशी रिकाम्या हातांनी आल्या आणि आल्या-आल्या माझ्याकडेच मागायला लागल्या. "पोरी, तुझ्याकडं दाभण हाय का? माझ्या वहाणेचा अंगठा तुटलाय." अंगावरचं लुगडं सोडलं तर जगात माझं म्हणावं असं तेव्हा काही उरलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. "मग शोध की. एवढ्या बायांत एकीकडं तरी असंल," असं म्हणून त्या तिथंच मातीत फतकल मारून बसल्या. मला त्यांचा राग आला. तरी उठले, चार पालं फिरले आणि कुणाच्या तरी बोचक्यातून दाभण मागून आणलं. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदाच कुणाशी तोंड उघडून बोलले होते, हे फार नंतर माझ्या ध्यानात आलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात महिने झाले होते, पण आमचं गाव सीना नदीच्या पलीकडे, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथं स्वातंत्र्य पोचलं नव्हतं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव धाडी घालत होत्या. आमच्या गावावर धाड आली तेव्हा माझे मालक खळ्यावर होते. ते परत आले नाहीत. गावातल्या एका तांबोळ्यानं मला आणि माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, आपल्या घरात दडवलं आणि दिवस मावळताना नदीची वाट दाखवली. नदी ओलांडली की नगर जिल्हा. तिथं मिरजगावाजवळच्या एका माळावर आमच्यासारख्यांची पालं पडली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आत्याबाई दिवसभर जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसत आणि मी त्या रेघांकडे बघत बसे.

बाई नगरच्या, मिशनच्या शाळेतल्या मास्तरीण. चाळिशी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, नऊवारी पांढरं पातळ नेसणाऱ्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शाळेनं त्यांना छावणीतल्या बायांसाठी म्हणून पाठवलं होतं. आल्या त्या दिवसापासून त्यांचं मागणं सुरू झालं ते थांबलंच नाही. कुणाकडे खोकल्यावरचा झाडपाला माग, कुणाला म्हण तुमच्याकडची जात्यावरची ओवी सांगा, मला आमच्याकडचीच येते. कुणाला म्हण जरा सुई ओवून द्या, मला दिसत नाही. बायांनी आपापसांत त्यांचं नाव 'मागतीबाई' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलंच. त्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. "खरं हाय की. मागतेच मी," म्हणाल्या आणि त्याच दमात नाव ठेवणारीकडे चिमूटभर तंबाखू मागितली.

एकदा मी त्यांना जरा फणकाऱ्यानंच विचारलं, की आमच्यासारख्या नागवलेल्यांकडे मागताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुढे आयुष्यभर माझ्या शाळेतल्या पोरींना सांगत आले. "ज्याच्याकडं कुणी काही मागत न्हाई ना, त्याला वाटतं आपण मेलो. तुम्हाला देणारे लई येत्याल. मागायला कोण येणार?"

छावणीत तेव्हा मोठ्या कढईतलं पिठलं-भाकरी वाटत. बायका पदर पसरून रांगेत उभ्या राहायच्या. बाईंनी छावणीच्या व्यवस्थापकाच्या मागे लागून ते बंद करायला लावलं आणि शिजवलेल्या अन्नाऐवजी पीठ, डाळ, मीठ मागून घेतलं. व्यवस्थापक कुरकुरला, धूर होईल म्हणाला, सरपण कुठून आणणार म्हणाला. बाई म्हणाल्या, ते बाया बघून घेतील. मग प्रत्येक पालापुढे तीन दगड आले, चिखल आला, चूल आली. आत्याबाईंनी आमची चूल सारवली त्या दिवशी त्यांच्या हातातली काडी सुटली ती सुटलीच. आणि दुपारी बाई हजर. "आज कुणाकडं जेवू मी?" रोज एक चूल, असा त्यांनी वार लावून घेतला होता.

एक गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. बाई किरिस्ताव. त्यांच्या हातचं आम्ही कुणी पाणी पीत नव्हतो. त्याही कधी आमच्या भांड्याला हात लावत नसत. चार हात लांब बसत, ओंजळ पुढे करत, आणि आत्याबाई वरून भाकरी टाकत. बाई ती आनंदानं खात आणि मीठ कमी पडलं असेल तर तसं सांगतही. वाईट वाटत असेल का, हा विचार त्या वेळी आमच्या डोक्यात आला नाही. आम्ही सगळं गमावून आलो होतो, पण हे तेवढं नीट बांधून बरोबर आणलं होतं.

माझी तिसरी इयत्ता झाली होती. बाईंना ते कळल्यावर त्या रोज माझ्याकडे कागद घेऊन यायच्या. त्यांची नजर खरंच अधू होती. कागद नाकाला लावला तरी त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. मी वाचून दाखवायची, त्या सांगतील ते लिहायची. हळूहळू सगळ्या छावणीची पत्रं माझ्याकडे आली. आत्याबाईंकडे त्यांनी याहून अवघड मागणी केली. बायांना आडोशाला जायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, तुम्ही व्यवस्थापकाशी बोला. परक्या पुरुषापुढे कधी तोंड न उघडलेल्या आत्याबाई आधी हबकल्याच. बाई हटेनात. "मी बोलले तर बाईचं म्हणणं हुईल. तुमी बोलला तर तुमची नड हुईल." आत्याबाई गेल्या, पदर डोळ्यांवर ओढून, आम्हा सातजणींना पाठीशी घेऊन. तिसऱ्या दिवशी तट्ट्याचा आडोसा उभा राहिला. त्या आठवड्यात आत्याबाईंची चाल बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

छावणीच्या अगदी टोकाला गोदा राहायची. आमच्याच गावची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. धाडीत तिचा नवरा मारला गेला आणि तिला उचलून नेलं. चौथ्या दिवशी ती एकटी पायी चालत छावणीत आली. तिची चार वर्षांची ठकी तोवर दिराकडे होती, ती त्यानं तिच्या हवाली केली आणि आपलं पाल दूर हलवलं. गोदाच्या चुलीकडे कुणी फिरकत नसे. पाण्याच्या रांगेत ती शेवटी उभी राही. तिला कुणी वावगं बोललं नाही, तिच्याशी कुणी काहीच बोलत नव्हतं.

बाई आपल्या वारानं गोदाकडे जेवल्या. त्यानं काहीच फरक पडला नाही. बाईंचं काय, त्या किरिस्ताव, असं बाया म्हणाल्या. संध्याकाळी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या जेवण्यानं तिचं काही भलं होणार नाही, म्हणाल्या, तू जा आणि तिच्याकडे काहीतरी माग. मी हो म्हटलं आणि गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. उगाच सबबी सांगायला नको: मला भीती वाटत होती. विधवा सून म्हणून माझाच पाय अधांतरी होता. बाई रोज यायच्या, पत्रं सांगायच्या, पण तो विषय काढत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघायच्या. ते बघणं मला सोसेना.

पाचव्या दिवशी सकाळी आत्याबाई पाण्याला गेल्या असताना मी आमच्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. विस्तव विझला. काडेपेटी छावणीत दुर्मिळ. चूल विझली की शेजारी विस्तव मागायचा, हा गावचा रिवाज. मी खापरी घेतली आणि शेजारची पालं ओलांडून टोकापर्यंत चालत गेले. सगळ्या बघत होत्या. गोदाला म्हटलं, "चूल विझली गं. विस्तव दे." तिनं आधी माझ्या खापरीकडे पाहिलं. मग खाली बसून तिनं चुलीतले चांगले चांगले निखारे निवडले आणि माझ्या खापरीत घातले.

आत्याबाई आल्या तेव्हा भाकरी तव्यावर होती. विस्तव कुठला, ते त्यांना वाटेतच कळलं होतं. त्या चुलीपुढे उभ्या राहिल्या. मी मान वर केली नाही. मग त्या खाली बसल्या आणि ताटली पुढे ओढून म्हणाल्या, "विस्तवाला कुठं इटाळ अस्तोय?" आणि भाकरी मोडली. त्या आठवड्यात छावणीतल्या बऱ्याच चुली विझू लागल्या.

पावसाळा सरता सरता भारताची फौज मोगलाईत शिरली आणि चार-पाच दिवसांत सगळं मिटलं. रस्ते वाळल्यावर गावाकडून बैलगाड्या आल्या. परत जायचा आनंद होता आणि धास्तीही होती. जळकी घरं, पडीक रानं आणि बिनपुरुषाचे संसार तिथं वाट बघत होते. गोदाच्या दिरानं त्यातली एक गाडी धरली होती. त्यानं ठकीला उचलून गाडीत बसवलं आणि गोदा चढायला लागली तेव्हा हात आडवा धरला. माणूस वाईट नव्हता, पण गावाला भ्यालेला होता. तो बाईंकडे वळून हात जोडून म्हणाला, "हिला तुमीच ठेवून घ्या. तुमच्या मिशनात हिची सोय हुईल."

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. बाईंइतकं भलं माणूस कुठं मिळणार? गोदाही बाईंकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "माझ्याकडं जागा न्हाई."

एवढंच. सात महिने ज्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या बाई पाठ फिरवून एका गाडीचं जू उगाच चाचपत उभ्या राहिल्या. गोदा गाडीचं चाक धरून खाली बसली. आत ठकी रडत होती. मला बाईंचा असा संताप आला की पुढे होऊन चार शब्द सुनावावेत असं वाटलं. पण माझ्या आधी आत्याबाई गाडीतून उतरल्या. पदर डोळ्यांवर ओढायला त्या विसरल्या होत्या. "गोदा, ऊठ," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत बस. आमच्या सोप्यात ऱ्हाशील." मग दिराला म्हणाल्या, "पोर खाली दे. आन गावात कुणी इचारलं तर माझं नाव सांग." एकेक करून बाया आपापल्या गाड्यांतून उतरल्या आणि गोदाभोवती उभ्या राहिल्या. कुणी मोठ्यानं बोललं नाही. गोदा बसेपर्यंत कुणी बसलं नाही, एवढंच. दिरानं ठकीला खाली उतरवून आईजवळ दिलं. गाड्या निघाल्या तेव्हा मी बाईंचा निरोपसुद्धा घेतला नाही.

गोदा आमच्या सोप्यात तीन वर्षं राहिली, मग शेजारी तिनं आपलं खोपट बांधलं. पुढे ती गावची सुईण झाली. दिराचा मुलगाही तिच्याच हातावर जन्मला. त्यानंतर तिच्या हाताला नावं ठेवायला कुणी उरलं नाही. मला मात्र बाईंचं पत्र आलं. माझं अक्षर चांगलं आहे, नगरला येऊन मास्तरकीची परीक्षा दे, असा हुकूम होता. आत्याबाईंनीच मला ढकललं; घरीच अभ्यास करून चार वर्षांत मी परीक्षेपर्यंत पोचले.

परीक्षेला गेले तेव्हा पहिल्यांदा बाईंचं घर पाहिलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्या स्वतः राहत. त्यांनी चहा दिला, तो मी प्याले. आतल्या खोलीत एक रुंद बाज होती, कोऱ्या सुंभाची, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. इथं कोण राहतं, असं मी विचारलं. कुणी नाही, म्हणाल्या. मग सांगितलं, की ती बाज छावणी उठायच्या आधी विणून घेतली होती. दोघींना पुरेल अशी. गोदाला आणि ठकीला.

"म्हणजे जागा होती?"

"जागाच जागा हुती, पोरी."

मी त्यांना म्हटलं, की तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात. त्या म्हणाल्या, हो, तेवढं एकच. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्या सुटला असतात आणि गोदा जन्मभर गावाबाहेर राहिली असती. मी विचारलं, आणि कुणीच काही बोललं नसतं तर? त्या कपबशी पुसायला लागल्या.

"तर आणली असती की. तुला सांगते, पाठ फिरवून उभी हुते ना, तवा मनात एकच चाललं हुतं. बोलू नका गं कुणी. बोलू नका."

मी त्यांच्याजवळ गेले आणि लहान मुलीसारखी त्यांच्या कुशीत रडले. मी एका नातेवाइकाकडे उतरणार होते, तिकडे गेलेच नाही. ती बाज ओढून आडवी केली. परीक्षा संपेपर्यंत आठवडाभर मी तिच्यावर झोपले. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणाचा भार पडला नव्हता, सुंभ अजून ताठ होता आणि अंगाला टोचायचा. बाई रोज सकाळी विचारायच्या, झोप नीट लागली का? मी म्हणायचे, छान लागली.