देवीच्या आधीचा घास

हिर्डोशीच्या वळणावर भोरची एसटी दिसली, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, माझी बॅग उचलली आणि एवढंच म्हणाले, "जिथं जाशील, तिथल्या देवाच्या आदी जेवू नगं." मृदाशास्त्र शिकून पश्चिम आफ्रिकेला निघालेल्या मला तो सल्ला अप्रस्तुत वाटला होता.

आज मी घाना-टोगो सीमेवरच्या एका डोंगरी गावात याम या कंदाच्या जमिनीचा अभ्यास करते. जवळच उंच धबधबा आहे. गाईड, सेल्फी, भाजलेली कणसं, सगळं आपल्या वरंधा घाटासारखंच. मात्र नवा याम पूर्वजांना वाहिल्याशिवाय इथे कुणी चाखत नाही. त्या सणाला सीमेपलीकडच्या लेकी माहेरी येतात. यंदा एका हॉटेलवाल्याने पर्यटकांच्या सोयीसाठी सण अलीकडे घ्यायला सांगितलं. माझी घरमालकीण आफीमावशी त्याला म्हणाली, "मग तुझ्या पाहुण्यांनी आपले वाढदिवस माझ्या सोयीने करावेत!"

त्याच सुमारास आपल्या गावच्या ग्रुपवर पर्यटन महोत्सवाची पत्रिका आली. भर श्रावणात, मंचावर, 'नव्या भाताचा नैवेद्य'! श्रावणात लोंबी सोडाच, भात पोटरीतही आलेलं नसतं. गावदेवीच्या नैवेद्याचा मान आमच्या घराचा. म्हणजे दुकानातला तांदूळ नवा म्हणून दादांनी देवीला दाखवायचा. आणि पुण्यात स्थिरावलेल्या आपल्यातल्याच कितीजणांनी त्याखाली टाळ्या वाजवल्या! पर्यटकांमुळे घाटात चार टपऱ्या चालतात, हे मला मान्य आहे. पण प्रयोगाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्याला आम्ही प्रयोगशाळेबाहेर काढतो. तुम्ही त्याला शाल-श्रीफळ देता?

संतापून मी दादांना फोन केला.

"त्या महोत्सववाल्यास्नी शिवारात न्हेलं," ते शांतपणे म्हणाले. "हिरवं भात दावलं. म्हनलं, देवी लई म्हातारी हाय, पर आंधळी न्हाई."

"मग?"

"रुसलं. मान दुसऱ्या घराला देत्यात म्हनं. देऊ द्या."

पिढ्यांचा मान गेला, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही. हलला तो माझा.

"तुज्याकडचा तो कंद खाल्लास का गं?"

"न्हाई दादा. सण व्हायचाय अजून."

आता तुझं घर कुठे, असं तुम्ही ग्रुपवर विचारता. ज्या ताटासमोर हात आपोआप थांबतो, तिथे. आफीमावशीच्या ओसरीवर नव्या यामची रास पडली आहे. आम्ही दोघी तिच्याशेजारी बसून जुनाच, सुरकुतलेला याम सोलत आहोत.