उताराकडे झुकलेली झाडं

नुकादा किसेच्या हातात झाड वाकवायची कला होती, आणि पिरानाईत तिची ओळख तेवढीच होती. वस्ती नऊ घरांची. मागे डोंगर, पुढे नदी, पुलापलीकडे शाळा. होक्काइदोच्या या भागात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. दक्षिणेकडून कुणी हौसेने झाडं आणली तर दोन हिवाळ्यांत त्यांचं सरपण होतं. टिकतो तो इथला सूचिपर्णी स्प्रूस, इथल्या भाषेत एझोमात्सू. शहरातल्या लोकांच्या बागांत किसे हे स्प्रूस लावून द्यायची, तेही नेहमी बर्चच्या आडोशाला, कारण थंडीला न भिणारं हे झाड जूनमधल्या एका अवचित दहिवराने कोवळे कोंब गमावून बसतं. घरामागे तिच्या चौतीस कुंड्या होत्या. त्यांत गुडघ्याएवढे, पण दिसायला शेकडो वर्षांचे वाटणारे स्प्रूस उभे असत. हिवाळ्यात ती त्या सगळ्या बर्फात पुरून ठेवायची. गारठ्याने झाड मरत नाही, कोरड्या वाऱ्याने मरतं, हे तिला नवऱ्याने, एइकिचीने शिकवलं होतं. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा साकुजी वर्षातले आठ महिने मासेमारीच्या बोटीवर असे. घरात किसे, सून फुमिनो आणि चार वर्षांची नात मिवा.

डोंगरावर पूर्वी दाट जंगल होतं. आठ वर्षांपूर्वीच्या वादळाने ते एका दिवसात आडवं केलं. मग मोगामी तोकुझो या वस्तीप्रमुखाने पुढाकार घेऊन पडलेली खोडं विकली, उभी होती त्यातलीही बरीचशी कापली, आणि आलेल्या पैशांत वस्तीला वीज आली. लोक त्याचं नाव आदराने घेत. वर राहिले ते बुंधे आणि स्प्रूसचा एक पट्टा. कुजक्या बुंध्यांवर स्प्रूसची रोपं आपोआप रुजतात, म्हणून किसे दर वर्षी तिथे चढायची.

त्या सप्टेंबरात ती तीन झाडं आणायला गेली. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांची अर्धी मुळं कापून तिथे शेवाळ भरून ठेवलं होतं, म्हणजे जवळ नवी मुळं फुटावीत. त्यातलं एक अगदी सरळसोट होतं. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण याला वाकवायचं कसं याचा विचार करत ती तासभर त्याच्यासमोर बसली होती. आता ते वाकलेलं होतं. खोड उताराकडे कललं होतं आणि वरचा वीतभर शेंडा पुन्हा आभाळाकडे वळला होता. शेंड्याचा वळसा किती आहे ते पाहून झाड कधी कललं हे किसे सांगू शकायची. हे दोन उन्हाळ्यांचं काम होतं.

तिने मान वर केली. पट्ट्यातली मोठी झाडंही तशीच होती. एक नाही, दोन नाही, सगळी, आणि सगळी खाली वस्तीकडे. जवळच्या बुंध्याचं मनगटाएवढं मूळ तिने ओढलं, तर ते भिजलेल्या पावासारखं हातात आलं. गवतात बोटभर रुंद भेग होती. भेगेवरून एक जिवंत मूळ आडवं गेलं होतं, ताणलेल्या दोरासारखं. बोटाने टिचकी मारली तर ते वाजलं.

किसेने पिशवीतून कुंडीतल्या झाडांसाठीची तांब्याची तार काढली आणि भेगेच्या वरच्या झाडापासून खालच्या झाडापर्यंत ताणून बांधली. झाडं न खणताच ती खाली उतरली. तीन आठवड्यांनी पुन्हा गेली तेव्हा तार तुटलेली होती. कुणी कापली नव्हती. दोन्ही टोकं ओढून सुईसारखी बारीक झाली होती.

ती टोकं रुमालात बांधून ती मोगामीकडे गेली. तो एइकिचीचा जुना मित्र, तिला वहिनी म्हणायचा. त्याचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी, वस्तीतलं सगळ्यात नवं. त्याच्या बायकोने, सायोने, चहा आणि मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं. मोगामीने तार उलटीसुलटी करून पाहिली आणि हसला.

"किसेवहिनी, कुंडीतली झाडं तुम्ही वाकवता. डोंगरावरची वारा वाकवतो."

"वारा इथे पश्चिमेचा, भावोजी. वाऱ्याने वाकली असती तर पूर्वेला, बाजूच्या ओढ्याकडे वाकली असती. ही सरळ तुमच्या दारावर वाकलीत."

त्याने तार पुन्हा रुमालात गुंडाळली. मग म्हणाला, की लोकांना घरं सोडा म्हणून सांगायचं तर तारेच्या दोन तुकड्यांवर कसं सांगणार? तरी त्याने जिल्ह्याच्या कचेरीला पत्र टाकलं. एक साहेब आला, पण तोवर बर्फ पडायला लागलं होतं. त्याने रस्त्यावरूनच दुर्बीण लावली आणि वसंतात बघू म्हणून निघून गेला.

मग बर्फाने सगळं झाकून टाकलं. उतार पांढरा, गुळगुळीत, निरागस दिसू लागला, आणि किसेला तो तसा जास्तच नकोसा वाटायचा. जानेवारीत फुमिनो म्हणाली की मागचं सरकतं दार अडकतंय. किसेने रंधा घेऊन दार तासलं. महिन्याने ते पुन्हा अडकलं; चौकटच तिरकी होत होती. तिने पुन्हा तासलं आणि सुनेला काहीच सांगितलं नाही. मार्चमध्ये विहिरीचं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ आलं. बायका म्हणाल्या, बर्फ वितळतंय, आणखी काय. किसे रोज सकाळी बादलीत वाकून पाहायची. एकदा मिवाने विचारलं की आजी पाण्यात काय शोधते. आजीने तिला घरात पिटाळलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, जमीन अजून गोठलेली असताना, किसेने कुंड्या उकरायला घेतल्या. एकेक कुंडी गवतात गुंडाळून ती ढकलगाडीवर ठेवायची आणि पूल ओलांडून शाळेच्या आवारात नेऊन लावायची. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. एप्रिल संपल्याशिवाय किसे कुंड्यांवरचं बर्फ हलवत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. शरद ऋतूत तिच्या तारेची गोष्ट ऐकून हसलेले लोक त्या दिवशी हसले नाहीत. संध्याकाळी सायो कुंपणाशी आली.

"किसे, खरं सांग. झाडं कशासाठी हलवतेयस?"

"ती मला उलट बोलत नाहीत म्हणून आधी ती हलवली. आता तुम्ही चला."

तीन दिवसांत आठ घरं शाळेच्या मोठ्या खोलीत आली. कुणी म्हणालं छताची डागडुजी काढलीय, कुणी म्हणालं पोरांना गंमत. भीती वाटते असं कुणीच म्हणालं नाही. सायोसुद्धा नातवंडांना घेऊन आली. मोगामी तेवढा आला नाही. घोड्याला इथे कुठे बांधू, म्हणाला. खरं कारण सायोला माहीत होतं, किसेलाही माहीत होतं. झाडं कापायचा निर्णय त्याचा होता. पूल ओलांडणं म्हणजे त्यामुळेच डोंगर सुटला हे कबूल करणं.

चौथ्या दिवशी सकाळी सायोने किसेला गळ घातली, की तू एकदा जाऊन सांग, तुझं ऐकतील. किसे म्हणाली, कुंड्यांना पाणी घालते आणि जाते. उकरलेली झाडं उन्हाने सुकायला लागली होती. चौतीस कुंड्या. ती बाविसाव्या कुंडीशी असताना कुणीतरी म्हणालं, ओढ्याचा आवाज थांबला.

वस्तीच्या बाजूने वाहणारा ओढा वितळत्या बर्फाने फुगलेला होता, आणि तो एकाएकी कोरडा पडला होता, म्हणजे वर सरकलेल्या मातीने पाणी अडवलं होतं. किसेने झारी टाकली आणि पुलाकडे धावली. पलीकडे मोगामी अंगणात घोड्याला लगाम घालत होता. त्यालाही ओढा दिसला होता. घाईत पट्टा निसटत होता. किसेने जोरात हाक मारली, घोडा सोडून द्या म्हणून. त्याने वर पाहिलं, हात केला, आणि घोडा खरोखरच सोडला. घोडा पुलावरून तिच्या अंगावरून गेल्यासारखा गेला.

उतार कोसळला असं म्हणणं बरोबर नाही. तो उभ्याउभ्या चालत आला. स्प्रूसचा पट्टा जसाच्या तसा, झाडं ताठ, बर्फासकट, माणसाच्या धावेपेक्षा जास्त वेगाने खाली आला आणि घरांवरून पुढे सरकला. आवाज नंतर आला. सगळं थांबलं तेव्हा वस्तीच्या जागी जंगल उभं होतं. फांद्यांवरून बर्फ गळत होतं.

मोगामी सहा दिवसांनी सापडला. सायोने किसेला एका शब्दानेही दोष दिला नाही. अंत्यसंस्काराला आलेले लोक किसेपुढे वाकून नमस्कार करत होते, तुमच्यामुळे वाचलो म्हणत होते, आणि तिच्या डोळ्यांपुढे त्या बावीस कुंड्या येत होत्या. तिने हे फुमिनोला एकदाच सांगितलं. फुमिनो म्हणाली, "आई, तुम्ही गेला असता तर तुम्हीही त्याच अंगणात असता." किसे म्हणाली, असते, पण ते वेगळं.

वस्ती नदीपलीकडे सपाटीवर पुन्हा बसली. चौतीस कुंड्यांतल्या एकोणीस झाडांनी उन्हाळ्यात सुईसारखी पानं गाळली आणि ती मेली. उरलेली तिने शाळेला देऊन टाकली. पण तिची कीर्ती खोऱ्यात पसरली होती. कुणीकुणी तिला आपला डोंगर दाखवायला न्यायला येऊ लागले. ती टाळायची. डोंगराकडे पाठ करून बसायची सवय तिने लावून घेतली होती.

दोन वर्षांनी फुमिनोच्या माहेरचं बोलावणं आलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही. तिथेही वादळानंतर झाडं कापलेली होती. विहीणबाईंनी बटाटे उकडले होते, वाळवलेले हेरिंग मासे भाजले होते. आनंदाने, आग्रहाने वाढणं चाललं होतं. जेवण झाल्यावर सगळे किसेला घेऊन परसात आले. ती बराच वेळ वर पाहत उभी राहिली.

"काय दिसतंय, विहीणबाई?" फुमिनोच्या आईने विचारलं.

किसेने नजर खाली आणली नाही.

"घरात माणसं किती आहात?" ती म्हणाली.